उन्हाला बांधलेली झडी

माझा धंदा मांडव घालण्याचा. लग्न, बारसं, नामसप्ताह, गणपती, मतदानाच्या आधीची सभा, काहीही असो. पाइप, बल्ल्या, कनाती, ताडपत्र्या, खुर्च्या सगळं माझ्या गोडाऊनमध्ये आहे. मालवण तालुक्यात किनाऱ्याच्या पाच-सहा गावांत माझं काम चालतं. इतकी वर्षं लोकांना सावलीत बसवून पैसे घेतले आणि माझी स्वतःची आवस, म्हणजे आई, रोज तिठ्यावर उन्हात बसून मासे विकत होती. मला त्यात काही खटकलंही नव्हतं. कोळणी, गाबतिणी उन्हात बसतात, त्यात काय विशेष, असंच डोक्यात बसलेलं.

तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या काम काय करतात?" मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मांडव डेकोरेशन. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या एका बघण्यातून पुढचं सगळं झालं.

आवशीला काळा चष्मा दिला होता. तो तिने दोन दिवस लावला. "काळो चष्मो लावन बसलंय तर गिऱ्हाईक म्हणतला, म्हातारी आंधळी झाली. वजन बघूक येवचा नाय हिका." तिसऱ्या दिवशी चष्मा पिशवीत गेला, आणि पिशवी खुंटीला.

जागा आधी सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. आमच्या तिठ्यावर रस्ता उत्तर-दक्षिण जातो. रस्त्याच्या पूर्वेला मासे विकणाऱ्या बायका बसतात, पश्चिमेला रस्ता, मग थोडी पुळण, मग समुद्र. सकाळी आठ ते अकरा एक बाजार आणि दुपारी साडेतीन-चारनंतर दुसरा, कारण होड्या परत येतात तेव्हा. पूर्वी तिथे एक जुना वड होता. त्याच्या सावलीत वीस बायका, एसटीची वाट बघणारे, दोन रिक्षा आणि एक नारळपाणीवाला असे सगळे मावायचे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गेलं तेव्हा तो मुळासकट आडवा झाला. रस्त्यावर पडलेला वड कापायला तीन दिवस लागले. जागा एकदम उघडी पडली. झाड असताना त्या जागेला छप्पर आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, पडल्यावर सगळे वर बघायला लागले.

पुढच्या वर्षी तिथे शेड आली. कुणाच्या निधीतून ते फलकावर लिहिलेलं आहे, इथे नको. चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद, वर पत्रा, मागे म्हणजे पूर्वेला चिऱ्याची पक्की भिंत आणि तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. उद्घाटनाला मांडव माझाच होता. बायका चार दिवस शेडमध्ये बसल्या आणि मग हळूहळू बाहेर आल्या, पुन्हा छत्र्यांखाली. सगळे म्हणाले, या बायकांना चांगलं दिलेलं पचत नाही. मीही म्हणालो असेन.

आवशीच्या डोळ्यानंतर मी एका दुपारी सव्वाचारला मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. शेडमध्ये भिंतीच्या बुडापर्यंत ऊन भरलेलं होतं. समोरून, समुद्रावरून, तिरपं सरळ आत. वर पत्रा तापलेला, मागे चिरा तापलेला, म्हणजे भट्टीच. सावली होती, चांगली ऐसपैस सावली होती, पण ती भिंतीच्या मागे गटाराच्या कडेला पडली होती. तिथे गावचे तीन कुत्रे पाय ताणून झोपले होते. लाखो रुपयांची सावली कुत्र्यांना.

पहिला उपाय मी धंद्याच्या सवयीने केला. नर्सरीवाले वापरतात ती हिरवी जाळी, पंचाहत्तर टक्क्यांची, माझ्याकडे शिल्लक होती. शेडच्या पुढे रस्त्याच्या कडेपर्यंत पाइप ठोकून ती ताणून बांधली. मार्च 2023 ची गोष्ट. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च शून्य, आणि खाली उभं राहिल्यावर डोळ्यांना एकदम गार वाटलं. मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिठ्यावरून फोन. "रे बाबू, ह्या तुझा जाळा आमचो धंदो बुडवतला. काड आदी."

झालं असं की मासा ताजा आहे की नाही हे गिऱ्हाईक कशावरून बघतं? डोळा आणि कल्ले. कल्ला उघडून आत लालभडक दिसला की पैसे निघतात. हिरव्या जाळीतून जो उजेड खाली येतो तो हिरवट असतो, आणि हिरव्या उजेडात लाल रंग काळपट तपकिरी दिसतो. पहाटे आलेला बांगडा तीन दिवसांचा दिसत होता. सरंग्याची चांदी गेलेली, इसवणीवर शेवाळ धरल्यासारखं. एक नेहमीचं गिऱ्हाईक, तालुक्याच्या शाळेतले मास्तर, कल्ला बघून "ह्यो बांगडो कालचो" म्हणून पुढे गेले. मासे विकणारी काकी त्यांना मासा घेऊन उन्हात यायला सांगत होती. म्हणजे मासा दाखवायला उन्हात न्यायचा आणि माणसाने सावलीत बसायचं.

मी मंगल कार्यालयांत गुलाबी कापड लावतो ते नवरी गोरी दिसावी म्हणून, हे मला पक्कं माहीत आहे. पण माशाच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. निळी ताडपत्री लावली असती तरी हेच झालं असतं.

मग पांढरं कापड लावलं. पातळ पांढऱ्या कापडातून ऊन गाळून येतं, सावली अशी पडतच नाही. जाड पांढरं लावलं, ते वाऱ्याने नेलं. आमच्याकडे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो मवाळ. दुपारपासून खारा वारा सुटतो आणि तीन-चार वाजता तो जोरात असतो, म्हणजे नेमका दुसऱ्या बाजाराच्या वेळेला. उभं किंवा आडवं, कुठलंही सलग कापड त्या वाऱ्यापुढे धरलं की ते शीड होतं. एप्रिलमध्ये एका दुपारी दोन पाइप वाळूतून उपटून निघाले आणि एक पाइप रिक्षाच्या टपावर पडला. टपाचे पैसे मी दिले. कुणाला लागलं नाही हे नशीब. जाहिरातीच्या मोठ्या छत्र्यांचंही तेच व्हायचं, त्या उलट्या होऊन पुळणीवर लोळत जायच्या आणि बायका त्यांच्यामागे.

त्यानंतर थोडे दिवस मी या विषयातून अंग काढून घेतलं.

माझी पुतणी तेव्हा नववीत होती. मेच्या पहिल्या आठवड्यात तिला सुट्टीतला काहीतरी प्रयोग करायचा होता, शून्य सावलीचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. आमच्या मालवणच्या बाजूला एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर. ऑगस्टातला पावसाच्या ढगांत जातो, त्यामुळे मे हाच काय तो. तिने तिठ्यावरच काठी उभी केली, कारण तिथे जमीन सपाट. बारा वाजता काठीला थोडी सावली होती. तिचा आजोबा म्हणाला, "बारा वाजले, तुझा गणित चुकला." ती म्हणाली, आपला मध्यान्ह बाराला नसतो, घड्याळ भारताच्या मधल्या रेषेचं आहे आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. बारा वाजून तेहेतीस मिनिटांच्या सुमाराला काठीची सावली काठीच्याच बुडात शिरली. बायका मासे टाकून बघायला आल्या. माझ्या आवशीने काठीभोवती बोट फिरवून खात्री केली.

मुलीचं एवढ्यावर भागलं नाही. तिने पोरांना घेऊन शेडच्या पत्र्याच्या कडेची सावली दर तासाला चुन्याने आखायला घेतली. संध्याकाळपर्यंत तिठा लग्नाच्या रांगोळीसारखा दिसत होता. ते पांढरे पट्टे बघताना मला जे कळलं ते इतक्या वर्षांच्या धंद्यात कळलं नव्हतं. मी मांडव घालतो तो दुपारच्या जेवणाच्या पंगतीसाठी. तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली छपराच्या खाली. माझ्या डोक्यात छप्पर आणि सावली एकच. पण मे महिन्यात दुपारी चारला दहा फूट उंच छपराच्या कडेची सावली पूर्वेला जवळजवळ बारा फूट सरकलेली असते. पाचला वीस फूट. आमची शेड रुंद किती, आठ फूट! म्हणजे चार वाजता शेडची सावली शेडच्या बाहेरच पडणार, त्यात पत्र्याचाही दोष नाही आणि बायकांचाही. कुत्र्यांनाच काय ते कळलं होतं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली ती मी आता सगळ्यांना सांगतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन जाळणारं समजायचं. आमच्याकडे मेमध्ये ती वेळ सकाळी साधारण साडेनऊपासून पावणेचारपर्यंत. अतिनील किरणांचा एक निर्देशांक असतो, त्यात 3 पासून पुढे अंग झाकायला सांगतात आणि 11 पासून पुढे तर सगळ्यात वरची पायरी, 'अत्यंत तीव्र'. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी आपण त्या पायरीवर असतो.

तर आता प्रश्न असा होता की तिरप्या उन्हाला वरचं छप्पर काय करणार? त्याला समोरून अडवायला हवं. आणि समोर कापड लावलं तर वारा. मी हे सगळं तिठ्यावर उभा राहून मोठमोठ्याने बोलत होतो, तेव्हा पेडवे विकणारी एक म्हातारी काकी, जिने जाळीच्या वेळी मला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या होत्या, टोपली आवरता आवरता म्हणाली, "पावसाक झडी बांधतंव, मगे वताक कित्याक नको?"

वत म्हणजे ऊन. आणि ज्यांना झडी माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीच्या भिंतींची घरं होती तेव्हा मिरगाच्या आधी पावसाच्या बाजूच्या भिंतींना विणलेल्या चुडतांचे पडदे बांधायचे, भिंत भिजून कोसळू नये म्हणून. चुडत म्हणजे माडाची झावळी. आमच्या लहानपणी प्रत्येक घराला त्या असत. चिऱ्याची आणि सिमेंटची घरं झाली, झडी गेल्या. आणि खळ्यातला, म्हणजे अंगणातला, माटवही (मांडव) तसाच. दिवाळीनंतर खळं सारवून त्यावर चुडतांचा माटव घालायचा आणि पावसाच्या तोंडावर काढायचा. त्या माटवाखाली मी लहानाचा मोठा झालो आणि मोठा होऊन चिनी कापडाचे मांडव घालायला लागलो.

विणलेल्या चुडतातून वारा आरपार जातो. पानांच्या फटी असतात, पाती थोडी हलतात, वाऱ्याला जागा देतात, पण तिरपं ऊन मात्र पातीवर पाती असल्यामुळे अडतं. खालचा उजेडही रंगीत होत नाही, मासा मासाच दिसतो.

ठरलं, पण मे संपत आला होता आणि जून-जुलै मासेमारी बंद. त्यामुळे काम दिवाळीनंतर करायचं ठरलं, आणि चुडतं जमवायला तोपर्यंत वेळ मिळाला. एक माड वर्षाला बाराच्या आसपास चुडतं टाकतो, महिन्याला एक धरा. मला हवी होती दीडशेच्या वर. पूर्वी ही चुडतं न्हाणीच्या चुलीसाठी सगळे राखून ठेवायचे. आता बऱ्याच घरी गॅसचा बंब, त्यामुळे बागेच्या कडेला कुजत पडलेली. मागितली की लोक खुशीने द्यायचे, "घेऊन जा, जागा मोकळी होईल." फुकट मिळालेली ही पहिली वस्तू.

विणणारं कोण हा खरा प्रश्न निघाला. चुडतं व्हाळाच्या कोंडीत चार दिवस भिजत घातली, नाहीतर विणताना पात मोडते. विणायला येत होतं फक्त तीन बायकांना, तिघीही साठीच्या पुढच्या, त्यातली एक माझी आवस. ती खाली बसली, पायाच्या अंगठ्याने चुडताचा दांडा दाबून धरला आणि एक आड एक पात उचलून घालत गेली. डोळा नुकता बरा झालेला, पण ती बघतच नव्हती, हात चालत होते आणि तोंडाने कुणाच्या तरी सुनेची गोष्ट चालू होती. मी एक चुडत विणलं. ते तिने उसवून पुन्हा विणलं.

परवानगीचं फार सांगत नाही. ग्रामसभेत अर्ज दिला. समुद्रकिनारा असल्यामुळे भरतीरेषेजवळ काही पक्कं करायचं तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची भानगड, म्हणून काँक्रीटचा एक थेंबही नाही आणि पावसाआधी सगळं उतरवणार असं लिहून दिलं. रस्त्याच्या हद्दीत खांब येणार नाहीत एवढी अट पडली. ती अट वाईट नव्हती पण त्यामुळे पश्चिमेला पुढे जायला जेमतेम सहा फूट मिळाले. बायकांनी प्रत्येकी तीनशे रुपये काढले, बांबू आणि सुंभ त्यातून आलं.

घातला तो असा. शेडच्या पत्र्याच्या पुढच्या कडेपासून पश्चिमेला सहा फूट उतरता माटव, शेडकडे नऊ फूट आणि रस्त्याकडे फक्त साडेसहा. माझ्या मुलांनी, म्हणजे कामावरच्या मुलांनी, सवयीने रस्त्याकडची बाजू उंच ठेवली होती. मांडवाचं तोंड उंच आणि भपकेबाज हवं हे आमच्या हाडात. ते उतरवायला लावलं. पुढची कड जितकी खाली, तितकी सावली आत राहते. खांब माणगा बांबूचे, अडीच फूट वाळूत, बुडाला चिऱ्याचे तुकडे ठासून. वर पोफळीच्या रिपा, त्यावर चुडतं, बांधायला सुंभ. नायलॉनची दोरी मी आणली होती. काकीने ती परत पाठवली. तिचं म्हणणं, नायलॉन उन्हात कडक होतो आणि बांबूवर घसरतो. सुंभ ओला करून बांधला की वाळताना आवळतो. पत्र्यावरही चुडतांचा एक थर टाकला, त्याने खालची भट्टी एकदम उतरली. आणि रस्त्याकडच्या कडेला, जमिनीपासून दोन फूट सोडून, झडी.

नोव्हेंबरमध्ये घातला आणि डिसेंबरात पुन्हा फजिती. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या भर दुपारीही तो आमच्याकडे जेमतेम पन्नास अंश वर येतो, दहा फुटी छपराची सावली आठ फूट उत्तरेला जाते. दक्षिणेच्या टोकाला बसणाऱ्या दोघी सकाळपासून उन्हात. मग दक्षिणेला एक झडी बांधली. ती फेब्रुवारीनंतर काढून पश्चिमेला दुहेरी केली. मंडप डेकोरेशनमध्ये एकदा बांधलं की बिल करायचं असतं, इथे दर दोन महिन्यांनी काहीतरी हलवायचं होतं.

मार्च 2024 मध्ये दुपारी चारला मी पुन्हा जाऊन उभा राहिलो. सगळ्या बायका आत होत्या. एसटीची वाट बघणारेही आत, आणि त्यावरून भांडण चालू होतं, कारण टोपल्यांना जागा उरली नव्हती. बर्फ कमी लागतो असं आवस म्हणाली. आधी दुपारी दोन वेळा मागवायची, आता एकदा. कुत्रे आपल्या जुन्या जागी, गटाराकडे.

डॉक्टरीणबाईंना मी फोटो दाखवला. त्या खूश झाल्या, पण चष्मा सोडवला नाही. सावलीत बसलं तरी आकाशातून आणि खालून पसरलेलं ऊन पोचतंच; कोरडी वाळू अतिनील किरणं साधारण पंधरा टक्के परत फेकते आणि लाटांचा फेस पंचवीस टक्के. समोर दोन्ही आहेत. शेवटी पुतणीने आजीला फिक्या रंगाचा, बाहेरून डोळे दिसतील असा चष्मा शोधून दिला, तो ती लावते. गिऱ्हाइकांना ती तो वाचायचा चष्मा म्हणून सांगते.

मेच्या शेवटी सगळं उतरवलं. बांबू गोडाऊनमध्ये, चुडतं ज्यांच्याकडे अजून न्हाणीची चूल आहे त्यांच्याकडे. जुलैत वडाच्या जुन्या खड्ड्याजवळ चार उंडीची रोपं लावली. गुलमोहर लावा, लवकर वाढतो, असं बरेच जण म्हणाले. तौक्तेत रस्त्यांवर किती गुलमोहर पडले ते मी बघितलंय. उंडी सावकाश वाढते पण खाऱ्या वाऱ्यात मुकाट उभी राहते. एक रोप बकरीने खाल्लं, एक टेम्पोखाली गेलं. उरलेल्या दोघांना मी लग्नाच्या स्टेजचे जुने कठडे लावले आहेत, सोनेरी रंगाचे.

माटवाचं हे दुसरं वर्ष. यंदा तक्रार अशी आली की झडीमुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना मासे दिसत नाहीत, पर्यटक थांबत नाहीत. मी काही सुचवायच्या आत पेडवेवाल्या काकीने कोयत्याने आपल्यासमोरच्या झडीत दीड फुटाची खिडकी पाडली. दोन दिवसांत सगळ्यांनी पाडल्या. आता साडेपाचला प्रत्येक खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत येतो आणि बरोबर सरंग्याच्या टोपलीवर बसतो, म्हणून खिडकीवर ओलं गोणपाट टांगलेलं असतं. गाडीचा आवाज आला की ते वर करायचं, गेली की खाली.